बेंदराला लाकडाचा बैल: ठोकळ्यापासून शिंगापर्यंत, चुकांसकट

बेंदूर, म्हणजे आमचा बैलांचा सण, आठ दिवसांवर आला की कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, गंगावेशीत, पापाच्या तिकटीला मातीचे बैल मांडलेले दिसतात. ज्यांच्या दारात बैल नाही, म्हणजे आता शहरातले जवळजवळ सगळेच, ते ही जोडी घरी नेतात, पाटावर मांडून पूजतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या नातवानं पूजेच्या आधीच एक बैल हातातनं सोडला. शिंगं गेली, एक पाय गेला. त्याचं तोंड बघून मी बोलून गेलो, "पुढच्या वर्षी लाकडाचा करतो. पडला तरी मोडायचा नाही." पुढच्या वर्षी माझा बैल हातात घेऊन तोच म्हणाला, "आबा, ह्यो बैल हाय का गाढव?"

लाकूड मला नवीन नव्हतं. उद्यमनगरात माझी सगळी नोकरी पॅटर्न करण्यात गेली. पॅटर्न म्हणजे बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतकामाचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्या पोकळीत बीड ओतायचं. बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. शिवाय ज्या बाजूला मशीन फिरणार, तिथं वेगळं जादा लाकूड. त्याला आम्ही अलाउन्स म्हणायचो. आयुष्यभर अलाउन्स सोडणारा माणूस बैल करताना तो सोडायला विसरला आणि गाढव झालं. खाली जे लिहितोय ते त्या गाढवापासून गेल्या वर्षीच्या जोडीपर्यंतचं आहे. कुठलं लाकूड कुठपर्यंत राखायचं आणि राखायचं राहून गेलं तर काय करायचं, एवढंच यात शिकण्यासारखं आहे.

वेळेचं आधी सांगतो. कर्नाटकच्या सीमेकडच्या गावांत ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमाराला कर्नाटकी बेंदूर असतो, इतरांचा महाराष्ट्री बेंदूर आषाढात. दोन्ही पावसाळ्यात. पावसाळी हवेत लाकूड ओल धरतं, पॉलिश नीट बसत नाही. त्यामुळे लाकूड फेब्रुवारीत घरात आलं पाहिजे, कोरीव काम एप्रिल-मेमध्ये आणि शेवटचा हात पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी. जूनमध्ये हौस आली असेल तर या वर्षी मातीचीच जोडी आणा आणि लाकूड वाळत टाका.

लाकूड कुठलं

शिवण मिळालं तर दुसरीकडे बघू नका. हलकं, फिकट, रेषा (म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा) बऱ्यापैकी सरळ, पटाशीला सहज कापतं आणि वाळल्यावर फारसं वाकत नाही. हेदूही छान, पिवळसर, बारीक पोताचं, डोळे-नाकपुड्या त्यात सुबक उठतात, पण जरा कडक. आंबा सगळीकडे मिळतो, स्वस्त असतो, सावंतवाडीची खेळणी त्यातूनच नावारूपाला आली. मात्र आंब्याची रेषा एकमेकींत गुंतलेली असते, एका इंचात दोनदा दिशा बदलते. पहिल्या बैलाला आंबा घेऊ नका. सागवान माझ्या हाताखालून खूप गेलंय. ते टिकतं, पण ठिसूळ असतं, बारीक कान-शिंगं पटकन तुटतात, आणि त्यात वाळूसारखे कण असल्यानं धार लवकर मरते. पांगारा इतका मऊ की धार थोडी जरी बोथट असली तर कापला न जाता चुरडतो. बाभळीच्या वाटेला तर जाऊच नका, ती बैलगाडीच्या कामाची.

टिंबर मार्केटमध्ये किंवा वखारीत गेलात तर नवीन माल मागू नका. जुन्या चौकटीचा, मोडलेल्या पलंगाचा तुकडा विचारा. तो वर्षानुवर्षं वाळलेला असतो. ओलं लाकूड घेतलं तर इंचभर जाडीला साधारण वर्ष वाळवण धरून चाला. घेताना तीन गोष्टी बघायच्या. टोकाकडून बघा, झाडाचा मधला गाभा तुकड्यात आलेला नको. लाकूड गाभ्याकडून सालीकडे जेवढं आक्रसतं त्याच्या जवळपास दुप्पट गोलाईच्या दिशेनं आक्रसतं, त्यामुळे गाभा असलेला तुकडा आज ना उद्या तिथूनच उकलतो. दुसरं, सालीजवळचं पांढरं लाकूड शक्यतो नको, पीठ पाडणाऱ्या किड्याला त्यातलाच स्टार्च आवडतो. तिसरं, तुकडा जमिनीवर आपटून बघा. ताशावर काठी मारावी तसा खणखणीत आवाज आला तर वाळलेला, बद्द आला तर घरी नेऊन दोन्ही टोकांना मेण चोपडून ठेवा.

ठोकळा ६ इंच उंच, साडेसहा इंच लांब, अडीच इंच जाड. मी सुतातच बोलणार, एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत जवळपास तीन मिलिमीटर.

रेषा उभी की आडवी

बैलाचं धड आडवं आणि पाय उभे. लाकडाची रेषा धडाच्या दिशेनं ठेवली तर पायांत ती आडवी येते आणि पाय बिस्किटासारखा मोडतो. उभी ठेवली तर पाय भक्कम, पण तोंड, शिंगं, शेपूट कच्चे. माझ्या गाढवाची रेषा आडवी होती, मला वाटलं लांबी महत्त्वाची. मागचा पाय पॉलिश पेपर घासतानाच निखळला.

रेषा उभी ठेवा. धड दोन इंच खोल आहे, त्याला आडव्या रेषेनं काही होत नाही. शेपूट मोकळं काढायचंच नाही, मांडीला चिकटलेलं कोरायचं. शिंगं आणि कान वेगळ्या लाकडाचे करून बसवायचे. राहिलं तोंड. ते आखूड आणि जाड ठेवलं तर टिकतं. मोडलं तर काय करायचं ते पुढं येईलच.

हत्यारं आणि धार

दुकानात पंचवीस पटाश्यांचा डबा दाखवतात. तो नको. अर्ध्या इंचाची एक सपाट पटाशी, दोन सुताची एक सपाट, खोलगट धारेच्या दोन गोल पटाश्या (एक रुंद, एक अगदी अरुंद), एक कोरायची सुरी, अर्धगोल कानस, लाकडी मोगरी आणि टेबलाला घट्ट बसणारा शिकंजा. एवढ्यात जोडी होते. शिकंज्यावर कंजूषी करू नका. हातात ठोकळा धरून पटाशी मारणारे दोघे माझ्या ओळखीचे आहेत आणि दोघांच्याही डाव्या तळहातावर सारखीच खूण आहे. नियम एकच, दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे.

धार लावताना पटाशीचा उतार दगडावर पूर्ण टेकवा, कोन साधारण २५ अंश. मऊ लाकडाला त्याहून थोडा कमी चालतो. तेल लावून पुढंमागं घासा, मागच्या सपाट बाजूला बोटाला बारीक खरखर लागली म्हणजे धार पलटली. मग सपाट बाजू दगडावर चपटी ठेवून एक-दोन हात. शेवटी कातडं. इथं आपलं गाव कामाला येतं. चप्पल लाईनला कोल्हापुरीच्या तळाचं जाड कातडं उरलेलं मिळतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं ते कातडं एका फळीवर चिकटवा, त्यावर बफिंगवाल्यांकडची हिरवी पॉलिशची वडी घासा आणि पटाशी मागं ओढत दहा-बारा वेळा फिरवा. दर वीस मिनिटांनी हे करायचं. धार आहे का हे बघायला लाकडाच्या टोकाकडच्या बाजूवर, जिथं रेषा तुटलेली असते तिथं, एक काप घ्या. चकचकीत निघाला तर धार आहे, पांढरट आणि खरबरीत निघाला तर नाही. बोथट पटाशीला जोर लागतो आणि जोर लावला की ती सटकते. जखमा तिथंच होतात.

बैल बघणं

आपला बैल खिल्लार. जर्सीचं चित्र इंटरनेटवरून उतरवून घेतलं तर तो कोल्हापूरचा दिसणार नाही. खिल्लाराचं तोंड लांबट आणि निमुळतं, कपाळ पुढं फुगीर आणि त्याच्या मधोमध वरून खाली एक हलकी घळ. शिंगं मुळाशी एकमेकांजवळ, मागं झुकून मग धनुष्यासारखी वर गेलेली. पोळी, म्हणजे गळ्याखालची लोंबती कातडी, बेताची. अंग कसदार, पाय सरळ आणि कोरडे. वशिंड मानेच्या शेवटी, खांद्यांच्या वर असतं, पाठीच्या मधोमध नाही! माझ्या गाढवाचं ते मधोमध होतं, त्यामुळे लांबून उंटाचाही भास व्हायचा.

देवळातला नंदी बघून काढायचा मोह होतो. पण नंदी बसलेला असतो, दागिन्यांनी मढलेला असतो, त्याच्यावरून पायांचा अंदाज येत नाही. (खिद्रापूरला कोपेश्वरापुढं तर नंदीच नाही, तो पलीकडे कर्नाटकात यडूरला असल्याचं सांगतात.) त्यापेक्षा गावाकडे जाऊन उभ्या बैलाचे चार फोटो काढा. एक बरोबर बाजूनं, एक समोरून, एक मागून, एक वरून. वरून काढलेला फोटो सगळ्यात उपयोगी, कारण पोट छातीपेक्षा किती फुगतं आणि मान कुठं बारीक होते ते त्यातच कळतं.

आखणी

पुठ्ठ्यावर बाजूचं चित्र काढून कापा. खालून वर माझी मापं अशी: तात्पुरता पाट ६ सूत, पाय २ इंच, धड २ इंच, वशिंड ५ सूत. डोकं वशिंडापेक्षा ३ सूत वर. बैलाच्या मागच्या टोकापासून छातीपर्यंत सव्वाचार इंच, उरलेल्यात मान आणि तोंड. खालचा पाट शिकंज्यात धरायला आणि पाय कोरताना ते जोडलेले राहायला हवा. तो कायमचा ठेवायचा नाही, कारण उभ्या रेषेत इतका पातळ पाट आपोआप मधून तुटतो. शेवटी तो कापून बैल दुसऱ्या आडव्या रेषेच्या फळीवर बसवायचा.

आता एक गोष्ट, जी मी तिसऱ्या बैलाला शिकलो. कापायच्या आधी, ठोकळा चौकोनी असतानाच, खालून चारही पायांच्या जागी दोन सुताचं भोक पाडून घ्या, पावणेदोन इंच खोल. त्यातले ६ सूत पाटात जातात, इंचभर पायात. शेवटी त्यात बांबूच्या खुंट्या घालून बैल फळीवर उभा राहतो. पाय कोरून झाल्यावर भोक पाडायला गेलात की पाय फुटलाच म्हणून समजा.

पुठ्ठा ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना उमटवा आणि वरून, समोरून, मागून, खालून अशी सगळीकडे फिरणारी मधली रेघ मारा. ही रेघ कोरताना सारखी जाणार. जाईल तशी लगेच परत मारायची.

बाजूचा आकार वखारीतल्या बँडसॉवर कापून घ्या, पाच मिनिटांचं काम. रेघेवर कापू नका, रेघेच्या बाहेर एक सूत सोडा. तोंडाकडे दोन सूत. घरीच कापायचं तर अर्ध्या-अर्ध्या इंचावर हातकरवतीनं रेघेपर्यंत काप घ्यायचे आणि मधलं लाकूड पटाशीनं उडवायचं. पुढच्या आणि मागच्या पायांमधली खिडकी गिरमिटानं भोकं पाडून मोकळी करा. निघालेले तुकडे चुलीत घालू नका, एका पिशवीत ठेवा. उद्या थिगळ लावायचं झालं तर त्याच झाडाचं, त्याच रंगाचं लाकूड दुसरीकडे कुठं मिळणार?

मोठं आधी, बारीक शेवटी

पहिल्या दिवशी फक्त कोपरे. पाठीचे आणि पोटाचे कोपरे पाडून धड आठ बाजूंचं करा, मग त्या आठ बाजू गोल करा. लगेच गोल करायला गेलं की एक बाजू जास्त खाल्ली जाते. पोटाची रुंदी २ इंच राखा, मागचा भाग पावणेदोन, मान सव्वा इंचाच्या आत नको. तोंड अजून चौकोनी ठोकळाच राहू द्या, अर्ध्या बैलाला वेडावणारा. सगळ्यांना पहिल्याच दिवशी डोळे करायचे असतात. डोळे शेवटच्या दिवशी.

लाकूड कुठल्या दिशेनं कापायचं हे मांजराच्या केसांसारखं आहे. एका बाजूनं हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर उभे राहतात. पटाशीखाली साल सुरळीत निघाली तर दिशा बरोबर. चरचर आवाज आला, पटाशी आपोआप खोल घुसायला लागली, लाकूड उचकटलं, तर थांबा. तिथंच अजून एक फटका मारला की ढलपी उडते. ठोकळा फिरवून दुसऱ्या बाजूनं या. बैलाच्या मानेखालचा खळगा आणि पोटामागचा खळगा या दोन जागी दोन्हीकडून खाली उतरत मधे भेटायचं असतं. एकाच दिशेनं खळग्यातून वर चढत गेलात तर उचकटणारच.

धड झालं की पाय. आधी समोरून बघून पुढचे दोन पाय मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आखा. त्यांच्यामधली फट अरुंद गोल पटाशीनं दोन्हीकडून, पुढून आणि मागून, थोडी थोडी खोल करत न्या. एका बाजूनं आरपार मारू नका, पलीकडे लाकूड फुटून बाहेर येतं. पाय पाच सुतांपेक्षा बारीक करू नका. गुडघा आणि खूर दाखवण्यासाठी पाय बारीक करायची गरज नाही, फक्त गुडघ्याच्या वर आणि खाली किंचित खळगा हवा. मागच्या पायाचा सांधा मागं टोकदार असतो. तो पुढं काढला की बैल माणसासारखा उभा दिसतो.

शेपटाची जागा मांडीवर पेन्सिलीनं आखा, दोन्ही कडांना सुरीनं उभा काप घ्या आणि बाहेरचं लाकूड एक सूत खाली उतरवा. शेपूट वर उठून येतं. टोकाचा गोंडा गुडघ्याच्या बराच वर, मांडीवरच संपवा.

वशिंडाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. ते उभ्या रेषेच्या टोकावर येतं, तिथं कापताना धार नसेल तर लाकूड चुरडतं. चारही बाजूंनी वर जात, कधीही वरून खाली नाही. किंचित मागं झुकलेलं ठेवलं की बैल जिवंत वाटतो. का ते मला सांगता येणार नाही, गावाकडच्या फोटोत मात्र तसंच आहे.

तोंड

कपाळाशी रुंदी ७ सूत, नाकाशी ५. आधी समोरून निमुळतं करा, मग बाजूनं. कपाळाच्या घळीला सगळ्यात अरुंद गोल पटाशी, वरून खाली एकच हलका हात. डोळे कपाळावर नसतात, तोंडाच्या बाजूंना असतात. दुभाजक कंपासनं मधल्या रेघेपासून दोन्हीकडे सारखं माप घेऊन ठिपका द्या, मग आधी डोळ्याच्या आजूबाजूचं लाकूड उतरवून उंचवटा राखा, त्यावर वरची पापणी एका कापात, खालची एका कापात. झालं. बुबुळ कोरू नका, रंगानं काढा.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते आरशात बघा. आरशात वाकडेपणा लगेच दिसतो, कारण तो डोळ्याला सवयीचा झालेला नसतो. उलटा धरून बघणंही तसंच कामाचं.

चुकलं की

लाकूड कापलं की परत येत नाही हे खरं, पण बैल जातोच असं नाही. पहिला नियम, चूक झाली त्या क्षणी हत्यार खाली ठेवायचं आणि चहा प्यायचा. माझ्या सगळ्या मोठ्या चुका छोट्या चुकीवर लगेच मारलेल्या दुसऱ्या फटक्यानं झाल्यात.

ढलपी उडाली तर ती शोधा. झाडू मारू नका, बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरा. तुटलेली कड स्वच्छ असते, तिला बोट किंवा पॉलिश पेपर लावला की जोड दिसायला लागतो. फेविकॉलसारखं पांढरं सरस दोन्ही बाजूंना पातळ लावा, दाबा, बाहेर आलेलं ओल्या फडक्यानं पुसा, रबरबँड किंवा सुतळीनं आवळून रात्रभर सोडा. सकाळी जोड कुठं होता ते तुम्हालाच सापडणार नाही. पुसायचं मात्र विसरू नका, सरस सांडलेल्या जागी नंतर तेल किंवा पॉलिश शिरत नाही, पांढरा डाग राहतो.

ढलपी सापडलीच नाही, किंवा तुम्ही नाकाडाकडचं जास्त कापलं, तर थिगळ. खराब झालेली जागा आधी पटाशीनं पूर्ण सपाट करा. वाकड्या जागेवर वाकडा तुकडा बसवण्याचा प्रयत्न करू नका. पिशवीतला तुकडा काढा, त्याची रेषा बैलाच्या रेषेच्याच दिशेनं ठेवून चिकटवा, आणि आकारापेक्षा मोठा ठेवून वाळल्यावर कोरा. हाच तो अलाउन्स, उशिरा सोडलेला.

एक डोळा खाली गेला तर दुसरा खाली न्यायचा, असं प्रत्येक नवख्याला वाटतं. मग पहिला अजून खाली, असं करत डोळे हनुवटीपर्यंत जातात. डोळे पुसून टाका. दोन्ही गाल एक सूत खाली घ्या, सगळी बाजू सारखी उतरवा आणि नव्यानं आखा. यासाठीच तोंडाकडे दोन सूत राखले होते. खड्डा पडला तर खड्ड्यापुरतं खाजवायचं नाही, आजूबाजूची सगळी जागा त्याच्या पातळीला आणायची. ठिगळासारखी दुरुस्ती दिसते, अख्खी उतरवलेली बाजू दिसत नाही.

पाय किंवा तोंड मोडलं तर नुसत्या सरसावर भरवसा नको. आडव्या रेषेच्या टोकाला सरस पकड धरत नाही, ते शोषून घेतं. दोन्ही तुकड्यांत एक सुताचं भोक पाडा, त्यात बांबूची काडी घाला. भोकं समोरासमोर येण्यासाठी एका बाजूला टाचणी ठोकून तिचं डोकं छाटा आणि दुसरी बाजू तिच्यावर दाबा. खूण बरोबर उमटते.

चिरेचं वेगळं आहे. मे महिन्यात उन्हानं बारीक चीर उघडली तर लगेच भरू नका. पहिल्या पावसात लाकूड फुगतं आणि ती आपोआप मिटते. आत कडक पुटी भरलेली असेल तर मिटायला जागा न मिळून शेजारी नवीन चीर पडते. मोठी चीर असेल तर त्याच लाकडाची पातळ पाचर तासून, एका बाजूला सरस लावून बसवा. लाकडाचा भुसा आणि सरसाचा काला मी बिनरंगी कामात कधीच वापरत नाही, तो काळपट डागासारखा उठतो. बैल रंगवायचा असेल तर खडूची पूड आणि सरस चालतं.

आणि काही चुका दुरुस्त करायच्याच नसतात. पाठीवर खोल काप गेला? तिथं झूल येणार आहे. मान एका बाजूला बारीक झाली? घुंगरमाळ आहे. सणाचा बैल नटणारच असतो, कुठं नटवायचं ते ठरवणं आपल्या हातात. गेल्या वर्षीच्या जोडीतल्या डाव्या बैलाची झूल उजव्यापेक्षा दोन सूत लांब आहे. आता कारण तुम्हाला कळलं.

बोट कापून लाकडावर रक्त पडलं तर आधी बोट बघा, मग थंड पाण्यानं डाग टिपा. राहिला तर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड.

शिंगं, कान, पॉलिश

शिंगं वेगळ्या पट्टीतून, रेषा लांबीच्या दिशेनं, अडीच इंच. चिंचेची नैसर्गिक वळलेली काटकी मिळाली तर उत्तमच, तिची रेषा वळणाबरोबरच वळलेली असते, कापून केलेल्या शिंगाइतकी ती ठिसूळ नसते. मुळाशी एक सुताची खुंटी तासा, डोक्यात तेवढंच भोक पाडा, आधी कोरडं बसवून समोरून बघा, मग सरस. कान तसेच, शिंगांच्या खाली आणि थोडे मागं, आडवे. शिंगांच्या वर गेलेले कान म्हणजे ससा.

पॉलिश पेपर ८० पासून सुरू करू नका, कोरलेल्या कडा मरतात. १२० नं हलकं, मग २२०. मधे एकदा ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, उठलेले तंतू परत २२० नं काढा.

लहान मूल खेळणार असेल तर रंगाची काळजी घ्या. खऱ्या हिंगुळात पारा असतो, शेंदरात शिसं. शिंगांना लाल हवं तर गेरू किंवा पोस्टर रंग, पांढऱ्याला खडू. बिनरंगी ठेवायचा असेल तर जवसाचं तेल फडक्यानं चोळा, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढा, असे तीन हात चार-चार दिवसांच्या अंतरानं, वर मेण. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. उलगडून दोरीवर वाळवा. लाखेचं पॉलिश चकचकीत दिसतं, पण पावसाळी हवेत लावलं तर त्यावर दुधाळ पांढरेपणा येतो. आमच्या दुसऱ्या बैलाचा आला होता. कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवला, तेव्हा गेला.

शेवटी पाट कापा, खुंट्या घाला, आडव्या रेषेच्या फळीवर बसवा, हवी तर चाकं लावा. शिंगांना रेशमी गोंडे, कपाळाला बेगड, गळ्यात घुंगरमाळ. आदल्या दिवशी खांदेमळणीला गावाकडे बैलाच्या खांद्याला तेल-हळद चोळतात. आमचा नातू लाकडाच्या बैलाला फक्त तेल चोळतो, कारण हळदीचा डाग बिनरंगी लाकडातून निघत नाही, हे त्यानं पहिल्या वर्षी स्वतः बघितलंय.

सण झाल्यावर जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. सुती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत फडकं उघडून बघा. खाली पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर किडा आहे. बोरिक पावडर आणि बोरॅक्स गरम पाण्यात विरघळवून बिनरंगी भागावर आणि भोकांत ब्रशनं दोनदा लावा, दोन दिवस सावलीत वाळवा, आणि तो बैल महिनाभर दुसऱ्या बैलापासून लांब ठेवा.